विश्लेषण : सूर्यास्त एकच, शिक्षा मात्र वेगवेगळी... ‘द आउटसायडर्स’ इतक्या वर्षांनंतरही का वाचली जाते?

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २०२४ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळवणारी ‘द आउटसायडर्स’ ज्या कादंबरीवर बेतली आहे, ती १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिची लेखिका जेमतेम १८ वर्षांची होती. अमेरिकी शाळांमध्ये पिढ्यान् पिढ्या वाचली गेलेली ही कादंबरी श्रीमंत आणि गरीब मुलांच्या टोळीयुद्धाची म्हणून ओळखली जाते. प्रत्यक्षात तिच्यात मारामारीची पाने थोडी आहेत. मारामारी संपल्यावर कोण घरी जाऊन निवांत झोपतो आणि कोणाच्या दारात पोलीस येतात, हा तिचा खरा विषय आहे.

कादंबरी कोणी आणि कशी लिहिली?

एस. ई. हिंटन म्हणजे सुझन एलोइज हिंटन. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा हे त्यांचे शहर. खनिज तेलाच्या पैशावर वाढलेले, स्वतःला ‘जगाची तेल राजधानी’ म्हणवून घेणारे. तिथल्या विल रॉजर्स हायस्कूलमध्ये शिकत असताना, वयाच्या १५व्या वर्षी त्यांनी हे लेखन सुरू केले. एक मित्र चित्रपट पाहून पायी घरी परतत होता. वाटेत श्रीमंत घरातल्या मुलांनी त्याला गाठून बेदम मारले. त्या संतापातून पहिली पाने लिहिली गेली, असे हिंटन यांनी अनेकदा सांगितले आहे. त्याच काळात त्यांचे वडील मेंदूच्या कर्करोगाने आजारी होते. कादंबरीतील मुलांचे आईवडील आधीच गेलेले आहेत, हे वाचताना ही गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. ज्या वर्षी कादंबरीचे बरेचसे काम झाले, त्या वर्षी शाळेत सर्जनशील लेखनाच्या विषयात मात्र त्यांना ‘डी’ श्रेणी मिळाली होती.

व्हायकिंग प्रेस या प्रकाशनाने २४ एप्रिल १९६७ रोजी कादंबरी बाजारात आणली. मुलांच्या टोळ्यांविषयी एका मुलीने लिहिले आहे म्हटल्यावर पुरुष समीक्षक ती गांभीर्याने घेणार नाहीत, या शंकेने प्रकाशकांनीच नावाऐवजी आद्याक्षरे छापण्याचे सुचवले. सुरुवातीला ती किरकोळ दुकानांत फारशी खपली नाही. शिक्षकांनी मात्र ती वर्गासाठी मागवायला सुरुवात केली. १९६५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यामुळे शाळांच्या ग्रंथालयांना पुस्तकांसाठी पैसा मिळू लागला होता, त्या काळातली ही गोष्ट. आतापर्यंत तिच्या दीड कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत.

‘ग्रीझर’ कोण आणि ‘सोशेस’ कोण?

शहराच्या पूर्व भागातली गरीब वस्तीतील मुले म्हणजे ग्रीझर. लांब केस, त्यावर चोपडलेले तेल, जीन्स, चामड्याचे जाकीट ही त्यांची ओळख. पश्चिमेकडच्या श्रीमंत वस्तीतली मुले म्हणजे सोशेस, ‘सोशल’ या शब्दाचा अपभ्रंश. त्यांच्याकडे निळी मस्टँग असते, पार्ट्या असतात आणि गंमत म्हणून ग्रीझर पोरांना एकटे गाठून मारण्याची सवय असते. चौदा वर्षांचा पोनीबॉय कर्टिस ही गोष्ट सांगतो. तो ग्रीझर आहे, पण पुस्तके वाचणारा आणि एकट्याने चित्रपट पाहायला जाणारा.

वर्ग हा शब्द या कादंबरीत फारसा येत नाही. तो कपड्यांतून दिसतो. पहिल्याच प्रकरणात पोनीबॉयला घेरणाऱ्यांपैकी एकाच्या अंगातला निळ्या चौकटींचा ‘मद्रास’ शर्ट त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. हा मद्रास आपल्याकडचाच. मद्रासच्या परिसरात हातमागावर विणले जाणारे चौकटींचे सुती कापड साठच्या दशकात अमेरिकी महाविद्यालयांतील श्रीमंत मुलांचे आवडते झाले होते. त्याचा रंग धुण्यात उतरत असे आणि हा दोषच मिरवण्याची बाब ठरला होता. गरीब विणकरांनी विणलेले कापड दहा हजार मैलांवर श्रीमंतीची खूण व्हावे, याची हिंटन यांना कल्पना असण्याचे कारण नाही. पण कोणत्या मुलाच्या अंगात काय आहे हे एका नजरेत टिपणारी त्यांची दृष्टी पक्की होती.

कथानक काय आहे?

कर्टिस कुटुंबात तीन भाऊ आहेत. २० वर्षांचा डॅरी, जेमतेम १७ ला टेकलेला सोडापॉप आणि पोनीबॉय. आठ महिन्यांपूर्वी मोटार अपघातात त्यांचे आईवडील गेले. महाविद्यालयात जाण्याची स्वप्ने सोडून डॅरी घरांची छपरे घालण्याच्या कामावर जातो. सोडापॉप शाळा सोडून पेट्रोल पंपावर लागला आहे. तिघांनी एकत्र राहायचे तर एकच अट आहे, वागणूक नीट हवी. कुठे तक्रार झाली की धाकट्यांची रवानगी मुलांच्या वसतिगृहात.

एका रात्री डॅरी पोनीबॉयच्या थोबाडीत मारतो. तो घरातून पळून आपला मित्र जॉनी केड याच्याबरोबर बागेत जातो. तिथे दारू प्यायलेले सोशेस त्यांना घेरतात आणि पोनीबॉयचे डोके कारंज्याच्या पाण्यात बुडवून धरतात. आता हा मरणार, असे पाहून जॉनी खिशातला खटक्याचा चाकू काढतो. बॉब शेल्डन हा सोश मुलगा जागीच मरतो. दोघे डॅलस विन्स्टन या टोळीतल्या सर्वात निर्ढावलेल्या मुलाकडे धावतात. तो पन्नास डॉलर आणि पिस्तूल देऊन त्यांना मालगाडीने पळून जायला सांगतो. डोंगरावरच्या ओसाड चर्चमध्ये ते लपतात. परत येऊन पोलिसांच्या हवाली व्हायचे असे जॉनी ठरवतो, तोच चर्चला आग लागते. आत अडकलेल्या शाळकरी मुलांना काढताना जळते लाकूड कोसळून जॉनीचा कणा मोडतो. पुढे टोळ्यांची ठरलेली मोठी मारामारी होते, ग्रीझर ती जिंकतात, आणि त्याच रात्री जॉनी रुग्णालयात मरतो. ते सहन न होऊन डॅलस एक दुकान लुटतो आणि पोलिसांवर रिकामे पिस्तूल रोखून स्वतःवर गोळ्या ओढवून घेतो.

‘दोन्ही बाजू सारख्याच’ हे खरे आहे का?

शाळेत ही कादंबरी शिकवताना एक मुद्दा हमखास येतो. चेरी व्हॅलन्स ही सोश मुलगी ड्राइव्ह-इन चित्रपटगृहात पोनीबॉयशी बोलते. श्रीमंतांनाही दुःखे असतात, असे ती सांगते. आपण दोघे एकच सूर्यास्त पाहतो हे पोनीबॉयच्या लक्षात येते. मग धडा निघतो, वरवरचे भेद सोडले तर माणसे सारखीच.

पात्रे असे म्हणतात हे खरे. घटना मात्र वेगळेच सांगतात. तो सूर्यास्त पोनीबॉय मागच्या दाराच्या पायरीवरून पाहतो आणि चेरी बंगल्याच्या अंगणातून. त्याच संध्याकाळी चेरी त्याला सांगून टाकते की, शाळेत भेटलो आणि मी ओळख दाखवली नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. ती दुष्ट नाही. उलट पुढे ती ग्रीझरांना सोशेसच्या बातम्या पुरवते आणि न्यायालयात खरे बोलते. पण शाळेच्या आवारात तिला किती मोकळीक आहे, हे तिला नेमके ठाऊक आहे.

शिक्षेच्या बाबतीत ही विषमता जास्त बोचते. चार महिन्यांपूर्वी सोशेसनी जॉनीला मोकळ्या मैदानात गाठून अर्धमेला केला होता. बोटांत अंगठ्या घातलेल्या हाताने मारल्यामुळे त्याच्या गालावर कायमचा व्रण राहिला. त्याबद्दल कोणाला अटक नाही, चौकशी नाही. पोलिसात जावे असे टोळीतल्या कोणाच्या मनातही येत नाही. त्या दिवसापासून जॉनी खिशात चाकू ठेवू लागतो, आणि तोच चाकू पुढे चालतो. तेव्हा मात्र सगळी यंत्रणा जागी होते आणि जॉनीवर मनुष्यवधाचा आरोप येतो. बॉबच्या मित्रांसाठी ती रात्र नेहमीच्या करमणुकीतली एक होती. कर्टिस भावांसाठी ती घर फुटण्याची रात्र ठरू शकत होती. कारण डॅरीची जबाबदारी काढून घ्यायला न्यायाधीशाचे एक वाक्य पुरेसे होते.

हा अधिकार काल्पनिक नव्हता. कादंबरी आली त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १५ मे १९६७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गॉल्ट खटल्याचा निकाल दिला. ॲरिझोनातील एका १५ वर्षांच्या मुलाने शेजारणीला फोनवर अश्लील बोलल्याचा आरोप होता. वकील नाही, तक्रारदार बाई न्यायालयात आल्या नाहीत, तरी त्याला वयाच्या २१व्या वर्षापर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा आदेश झाला. हाच गुन्हा प्रौढाने केला असता तर शिक्षा होती ५ ते ५० डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद. बालन्यायालये मुलांच्या भल्यासाठी आहेत, त्यांना रीतसर खटल्याची गरज काय, अशी तोवरची धारणा होती. आरोपाची आगाऊ सूचना, वकील, साक्षीदारांची उलटतपासणी हे हक्क अल्पवयीनांनाही आहेत, असे या निकालाने ठरवले.

हे लक्षात घेऊन कादंबरीतली सुनावणी वाचावी. न्यायाधीश सज्जन आहेत. ते पोनीबॉयला चाकूविषयी काही विचारत नाहीत. घरी कसे वाटते, शाळा आवडते का, एवढेच विचारतात आणि प्रकरण मिटवतात. वाचक सुटकेचा श्वास टाकतो. पण सगळे एका माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून होते. त्या दिवशी दुसरा कोणी खुर्चीत असता तर?

निष्ठा : आधार की गळफास?

ग्रीझरांकडे पैसा नाही. निम्म्यांच्या घरी आईबाप नाहीत किंवा असून नसल्यासारखे आहेत. पोलीस आणि शाळा त्यांच्या बाजूने नाहीत. त्यांच्यापाशी आहे ती फक्त एकमेकांची साथ. म्हणून टोळीचा पहिला नियम मित्राच्या पाठीशी उभे राहणे हा आहे, तो बरोबर असो की चूक. जॉनीला बाप मारतो, आई ओरडते. टोळी नसती तर माया म्हणजे काय हे त्याला कळलेच नसते. इथवर ही निष्ठा गोड वाटते, आणि किशोरवयीन वाचकाला तीच भुरळ घालते.

हिंटन मात्र तिची किंमतही मांडत जातात. चर्चमध्ये लपलेले असताना जॉनी एक आठवण सांगतो. शाळेच्या खिडक्या फोडल्या टू-बिटने आणि पोलिसांनी पकडले डॅलसला. डॅलसला खरे काय ते माहीत होते. त्याने चकार शब्द न काढता शिक्षा भोगली. जॉनीला यात वीरपुरुष दिसतो. कारण तेव्हा दोघे ‘गॉन विथ द विंड’ वाचत असतात आणि त्यातले मरणाला सामोरे जाणारे दाक्षिणात्य सरदार त्याच्या डोक्यात असतात. पोनीबॉयला डॅलसमध्ये तसले काही दिसत नाही, तो त्याला घाबरतोच. वाचकाने कोणाचे ऐकावे हे हिंटन सांगत नाहीत. फक्त पुढे तोच डॅलस मित्राच्या मरणानंतर एक दिवसही जगू शकत नाही, एवढे दाखवतात. ज्याने सगळी माया एकाच माणसावर लावली, त्याला तो माणूस गेल्यावर धरायला काही उरत नाही.

दुसरी निष्ठा घरातली आहे, आणि ती कोणाला निष्ठा वाटतच नाही. डॅरी सतत ओरडतो. अभ्यास कर, वेळेत ये, जाकीट घाल. पोनीबॉयला वाटते की आपण त्याला नकोसे आहोत. थोरला भाऊ रुग्णालयात रडताना दिसतो तेव्हा कुठे त्याला कळते की, आईवडील गेले तसा हाही हातचा जाईल, या भीतीने तो एवढा कडक झाला होता. या दोघांच्या भांडणात मधल्या सोडापॉपची ओढाताण होते. सगळ्यांना हसवणारा, कोणाचीच बाजू न घेणारा हा मुलगा शेवटी कोलमडून घराबाहेर पळत सुटतो. टोळीयुद्धाच्या कादंबरीतला सर्वात खरा प्रसंग स्वयंपाकघरातल्या भांडणातून यावा, हे या पुस्तकाचे वेगळेपण म्हणावे लागेल.

मारामारी जिंकून काय बदलले?

काहीच नाही. आणि हे आधीच सांगून ठेवले आहे ते बॉबचा मित्र रँडी याने. मारामारीच्या दिवशी तो पोनीबॉयला गाडीत बोलावून घेतो. मी येणार नाही, म्हणतो. तुम्ही जिंकलात तरी तुम्ही होतात तिथेच राहाल आणि आम्ही आमच्या जागी, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. बॉबच्या आईवडिलांनी त्याला कधी ‘नाही’ म्हटले नाही आणि कोणी तरी आपल्याला अडवावे एवढेच त्याला हवे होते, हेही तोच सांगतो. एका घरात मार फार आणि दुसऱ्या घरात धाक अजिबात नाही. जॉनी आणि बॉब दोघेही एका अर्थाने बेवारस, असे कादंबरी सुचवते. तरी बॉब बेवारस असताना त्याच्याकडे मस्टँग होती हा फरक उरतोच.

मारामारीची सुरुवात लक्षात राहण्यासारखी आहे. ग्रीझरांतर्फे डॅरी पुढे होतो. समोरून येतो पॉल होल्डन. दोघे शाळेच्या फुटबॉल संघात एकत्र खेळलेले, मित्र. पॉल आता महाविद्यालयात आहे आणि डॅरीच्या खांद्यावर छपराचे सामान. पॉलच्या नजरेत तुच्छता आणि कीव आहे. डॅरीच्या नजरेत द्वेष आहे, पण लाज आणि हेवाही आहे. आपल्या भावाला आपली लाज वाटते आहे, हे पोनीबॉय पाहतो. डॅरीला सोश होण्यापासून रोखले ते फक्त आम्ही, असे टू-बिट आधी कधी तरी थट्टेत म्हणालेला असतो. त्या थट्टेचा अर्थ इथे उलगडतो. डॅरी हुशार होता, बलवान होता, कष्टाळू होता. दोन धाकटे भाऊ सांभाळायचे होते एवढेच त्याचे ‘कमी’. वर्गभेदावर याहून नेमके काही या कादंबरीत नाही, आणि ते जेमतेम काही ओळींत आटोपले आहे.

कादंबरीत काय नाही?

टल्साचा इतिहास माहीत असलेल्याला एक पोकळी जाणवते. १९२१ मध्ये याच शहरात रेल्वेरुळांपलीकडची ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती श्वेतवर्णीयांच्या जमावाने जाळली. अमेरिकेतील सर्वात भीषण वांशिक हत्याकांडांपैकी ते एक. कादंबरीतल्या टल्सात पूर्व-पश्चिम आहे, पण वंशभेद जवळपास नाहीच. भांडणारी दोन्ही बाजूंची मुले गोरी आहेत. सोळा वर्षांच्या लेखिकेने आपल्या शाळेत जे दिसले ते लिहिले, असे म्हणता येईल. पण शाळेत कोण दिसावे हेही शहराने आधीच ठरवून ठेवले होते. ब्रॉडवेवरच्या संगीतिकेत डॅलसच्या भूमिकेत जोशुआ बून हा कृष्णवर्णीय अभिनेता होता. पोलिसांच्या गोळ्यांनी होणाऱ्या त्याच्या मृत्यूला त्यामुळे वेगळीच धार आली.

मुलींच्या वाट्यालाही फार काही नाही. चेरी सोडली तर बाकीच्या येतात आणि जातात. सोडापॉपची मैत्रीण तर फक्त न उघडता परत आलेल्या पत्रातून भेटते.

बंदी, चित्रपट आणि ग्रंथपालाचे पत्र

सिगारेट, दारू, चाकू आणि मोडकी घरे. एवढ्या कारणांवर अनेक ठिकाणी पालकांनी ही कादंबरी शाळांतून हटवण्याची मागणी केली. १९९० च्या दशकात सर्वाधिक हरकती आलेल्या शंभर पुस्तकांच्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत ती आहे. त्याच संघटनेच्या किशोर साहित्य विभागाने १९८८ मध्ये मार्गारेट ए. एडवर्ड्स पुरस्कार सुरू केला, तेव्हा पहिला मान हिंटन यांनाच दिला होता.

चित्रपटही मुलांमुळेच झाला. कॅलिफोर्नियातील लोन स्टार शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी १९८० मध्ये विद्यार्थ्यांच्या सह्या घेऊन दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांना पत्र पाठवले. ‘गॉडफादर’च्या दिग्दर्शकाने ते मनावर घेतले आणि १९८३ मध्ये चित्रपट आला. टॉम क्रूझ, मॅट डिलन, पॅट्रिक स्वेझी, डायन लेन अशी पुढे गाजलेली नावे त्यात होती. चित्रीकरणाच्या वेळी कपोला यांनी सोशेसच्या भूमिका करणाऱ्यांना चांगल्या खोल्या आणि चामडी बांधणीच्या संहिता दिल्या. ग्रीझर झालेल्यांना साध्या. चिडलेले चेहरे त्यांना आयते मिळाले. चित्रपटातील कर्टिस भावांचे टल्सातले घर २०१९ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे.

पुढे हिंटन यांनी निष्ठेबद्दल काय लिहिले?

पोनीबॉय शेवटाकडे फुटकी बाटली हातात घेऊन तीन सोशेसना पळवून लावतो. आता हाही डॅलस होणार, अशी मित्रांना धास्ती वाटते. मग तो खाली वाकून काचा वेचू लागतो, कोणाच्या गाडीचे टायर फाटू नये म्हणून. टू-बिटचा जीव भांड्यात पडतो. जॉनीने मरण्यापूर्वी लिहिलेले पत्र त्याला पुस्तकात सापडते ते त्याही नंतर. त्यात जॉनीने सांगितलेले असते की, डॅलसला एकदा तरी सूर्यास्त दाखव. तेव्हा डॅलस जाऊन दिवस झालेले असतात. इंग्रजीत नापास होण्याच्या बेतात असलेला पोनीबॉय शिक्षकांनी दिलेला निबंध लिहायला बसतो, आणि वाचकाने आतापर्यंत वाचले ती कादंबरी म्हणजेच तो निबंध.

यशानंतर हिंटन यांना काही काळ लिहिणे जमेना. दुसरी कादंबरी ‘दॅट वॉज देन, धिस इज नाउ’ चार वर्षांनी, १९७१ मध्ये आली. शहर तेच, पोनीबॉयही त्यात ओझरता दिसतो. इथे ब्रायन आणि मार्क एका घरात भावासारखे वाढलेले आहेत. मार्क अमली पदार्थांच्या गोळ्या विकतो हे ब्रायनला कळते. त्याच वेळी ओळखीचा एक लहान मुलगा नशेने कायमचा उद्ध्वस्त झालेला असतो. पहिल्या कादंबरीत कोणीही केले नसते ते ब्रायन करतो. तो स्वतः पोलिसांना फोन करतो. मार्कला पाच वर्षांची शिक्षा होते. ब्रायन त्याला भेटायला जातो तेव्हा मार्कच्या डोळ्यांत फक्त द्वेष असतो, आणि आपण केले ते योग्य की अयोग्य हे ब्रायनला अखेरपर्यंत ठरवता येत नाही.